बुंध्याचा पहिला खांदा

१३ जानेवारी १९३५, रविवार

गावकीत ठरलं. ठरलं म्हणजे भागोजीकाका बोलले आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

होळीसाठी तोडलेलं आंब्याचं झाड राईतून सहाणेवर, म्हणजे होळी उभी करायच्या जागी, आणताना बुंध्याखाली पहिला खांदा आमच्या घराचा. आजोबांचा होता, मग बापूसचा. बापूस गेला त्या साली सुतक होतं. गेल्या साली मी तापाने अंथरुणात. दोन्ही वेळा काकांच्या घरातून माणूस उभा राहिला. आता तिसरं साल.

काका म्हणाले, "मान द्यायला कोण नको म्हणतो? पण खांदा हवा तर खाली माणूस हवा. ह्या सदूची हाडं मोजता येतात."

सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणं वाईट दिसलं असतं.

शेवटी गुरवाने तोड काढली. पहिला खांदा यंदा मीच द्यायचा. राईपासून सहाणेपर्यंत. मधे खांदा काढला, बदली मागितली, तर मान काकांच्या घरी. कायमचा.

आई घरी वाट पाहत होती. मी सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "तू हो म्हणालास ना?"

हो म्हणालो आहे.

१४ जानेवारी, सोमवार

वखारीत मी काट्यापाशी उभा असतो. गोण लटकवायची, वजन घालायचं, आकडा लिहायचा. चार वर्षं दुसऱ्यांनी उचललेलं मोजतो आहे. स्वतः किती उचलतो ते कधी मोजलं नाही!

आज दुपारी बंदरावर सामसूम झाल्यावर रिकाम्या गोणीत वाळू भरली. उचलली, काट्याला लावली, थोडी वाढवली, पुन्हा उचलली. पाचव्या वेळी जमिनीवरून सुटेना. त्याच्या आधीचा आकडा: एक मण नऊ शेर. कमरेपर्यंत, पाच अंक मोजून होईपर्यंत.

अयूब पाहत होता. तो पडावांवरून तांदळाच्या अडीच मणाच्या गोणी उतरवतो, दिवसाला साठ-सत्तर. म्हणाला, "काय हरवलं काय गोणीत?"

१५ जानेवारी

पाठ धरली आहे. बसून लिहिता येत नाही. उभ्याने लिहितो आहे.

२० जानेवारी, रविवार

एक विचार आठवडाभर डोक्यात आहे. एक मण नऊ शेर हे कमी की जास्त? कशाशी ताडून पाहायचं?

वखारीत पुडे बांधायला जुनी वर्तमानपत्रं येतात. त्यांत पहिलवानांचे आकडे असतात, कोणी किती उचललं, दातांनी काय ओढलं. पण ज्याने जन्मात जोर काढला नाही, तालमीचा उंबरा पाहिला नाही, असा साधा माणूस किती उचलतो, ते कोणी छापलेलं मला आढळलं नाही. जगात तर साधी माणसंच जास्त!

तर ते मीच काढायचं. सरासरी शाळेत शिकलो आहे. सहावीपर्यंत जे शिकलो त्यातलं हेच पक्कं राहिलं.

नियम असे. गोण तीच. वाळू तीच, कोरडी. कमरेपर्यंत उचलायची आणि मी पाच म्हणेपर्यंत धरायची. हमाल नकोत, त्यांचा रोजचा सराव. उचलण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज सांगायचा. हे शेवटचं का घातलं ते मलाच नीट माहीत नाही. पण राहू दे.

२७ जानेवारी, रविवार

आजवर अकरा जण झाले. पोष्टातला शिपाई, दोन शिंपी, देवळातला गुरव, मिठाच्या मचव्यावरचा भंडारी, मशिदीजवळचा अत्तरवाला (बोटं फार नाजूक, पण एक मण अठ्ठावीस शेर!). बाकीचे बाजारातले.

गोदा आली होती. ती डोंगरातून लाकडाची मोळी डोक्यावर आणते. तिची मोळी मी नेहमी मोजतो, मणाच्या खाली कधी भरली नाही. दोन कोस उतरून येते. मी तिला गोण दाखवली आणि उचलायला सांगितलं. तिने उचलली, मी पाच मोजले, तिने धरून ठेवली.

"आता ठेव," मी म्हणालो.

"कुठं?"

"तिथंच."

"तिथंच ठेवायची तर उचलायला का सांगितलीस मेल्या?" आणि अयूबकडे वळून, "ह्याला उन्हात उभा करू नका."

एक मण अडतीस शेर. अकरा जणांत सगळ्यांत जास्त. अंदाज विचारला तेव्हा म्हणाली होती, मला काय उचलतंय.

बायकांना सरासरीत धरावं की नाही यावर बराच वेळ घालवला. साध्या माणसाचा आकडा हवा आहे. गोदा माणूस आहे. धरली.

३ फेब्रुवारी, रविवार

एकोणीस जण झाले. बेरीज तीनदा तपासली.

सरासरी: एक मण एकतीस शेर.

मी बावीस शेरांनी खाली. एकोणीस जणांत माझ्या खाली एकच, आणि तो साठीचा आहे.

वाईट वाटलं. मग दुसरा रकाना पाहिला, अंदाजाचा. एकोणिसातल्या चौदा जणांनी कमी सांगितलं होतं. कुणी दहा शेर कमी, कुणी वीस. शिपायाने तर पाऊण मण सांगितलं आणि दीड मण उचलला. म्हणजे साध्या माणसाला आपली ताकद ठाऊकच नसते! कधी गरज पडलेली नसते, म्हणून तो खालचा आकडा धरून चालतो.

माझा अंदाज मी लिहून ठेवला नव्हता. चूक झाली. पण मनात एक मणच होता. म्हणजे मीही त्या चौदांतला.

उद्यापासून सुरुवात. सहा आठवडे आहेत.

४ फेब्रुवारी

पहाटे विहिरीपासून घरापर्यंत वाळूची गोण खांद्यावर. तीस शेर. चार खेपा.

५ फेब्रुवारी

चार खेपा. खांदा सोलला.

१० फेब्रुवारी, रविवार

पाच खेपा, पस्तीस शेर. आई दारात उभी राहून पाहते. माझ्या ताटात हल्ली दोन भाकऱ्या जास्त असतात आणि तिच्या ताटात कमी. मी पाहिलं आहे. विचारलं तर म्हणेल पोट भरलं. आज मुद्दाम तिच्यासमोर एक परत टोपलीत ठेवली. तिने ती पुन्हा माझ्याच ताटात घातली. ह्यात मी तिच्यापुढे हरतो.

१७ फेब्रुवारी, रविवार

आज एक महत्त्वाची गोष्ट कळली. माझं सगळं गणित त्याशिवाय अपुरं होतं.

बंदरावर नव्या मचव्याची डोलकाठी आली. अयूब आणि तिघे ती खांद्यावर घेऊन निघाले. मी सहज म्हणालो, चौघांत सारखी वाटणी, बरं आहे तुमचं.

अयूबने काठी खाली ठेवायला लावली. घाम पुसला. म्हणाला, "सारखी वाटणी कुठं असती रे? जमाल माझ्याहून ठेंगणा. त्याच्या खांद्याला काठी लागती, टेकत नाय. उंच माणसाच्या डोक्यावर काम आणि बुटका सावलीत चालतो."

मग त्याने आडवा हात धरून खाली दुसऱ्या हाताची बोटं उभी केली आणि दाखवलं. सपाट जमिनीवर जो खांदा वर, त्याच्यावर वजन. खड्डा ओलांडताना मधल्या माणसांचे खांदे खाली जातात आणि सगळं दोन्ही टोकांवर येतं.

आमच्या वाटेवर पऱ्या आहे, खोल ओढाच तो! राईतून निघाल्यावर पाणी ओलांडायचं आणि पलीकडच्या काठावर चढायचं. त्या चढावर मधली माणसं नुसता हात लावून चालतील. पुढचं सगळं बुंध्यावर. म्हणजे माझ्यावर, आणि माझ्या मागे दुसरा खांदा असतो त्याच्यावर.

दुसरा खांदा काशीरामचा. भागोजीकाकांचा मुलगा.

२४ फेब्रुवारी, रविवार

काशीरामच्या खांद्याची उंची मोजली. कारण सांगितलं नाही, पण सुतळी घेऊन गेलो तर लपणार काय.

तो अंगणात जाळं विणत होता. उभा राहिला, हात खाली सोडले. तो मला मास्तर म्हणतो, मी कधीही मास्तर नसताना.

"मास्तर, सदरा शिवतोस की काय?"

मी सुतळीला गाठ मारली. माझी गाठ आधीच होती. दोन्ही शेजारी धरल्या.

"किती भरला?"

"माझ्याहून दोन बोटं खाली."

"मग?"

मला खोटं बोलता येत नाही. जमालचं आणि अयूबचं सगळं सांगितलं. म्हणजे वजन माझ्यावर येणार, हेही.

त्याने ऐकून घेतलं. गाठींकडे पाहिलं, बोट लावून पाहिलं. मग बसला आणि जाळं ओढून घेतलं. "दोन बोटं," म्हणाला आणि हसला.

त्यांच्याच घराला मान जायचा आहे. हसणारच.

३ मार्च, रविवार

गोण उचलली. एक मण तेवीस शेर. सात आठवड्यांत चौदा शेर वाढले. अजून सरासरीच्या आठ खाली. पण गोण खाली ठेवून लगेच आकडा लिहिला.

१० मार्च, रविवार

पंचमी. राईत जाऊन झाड ठरलं. सरळ आहे, फार जाड नाही, पण ओलं आहे.

मी सुतळीने घेर घेतला. तेवढ्यात काकांनी पाहिलं. ते ओरडत नाहीत, हळू बोलतात आणि तेच वाईट.

"देवाला चाललेलं झाड मापतोस? उद्या देवालाही काट्याला लावशील."

गुरव पुढे आला आणि त्याने नारळ फोडला, म्हणून सुटलो. सुतळी मुठीत धरून उभा होतो. गाठ मारायची राहिली. तरी घेर लक्षात आहे.

१२ मार्च, मंगळवार

ओल्या आंब्याचा एक तुकडा करवत्याकडून आणून तोलला. त्यावरून हिशोब केला. झाड अंदाजे चौदा मण. अठरा खांदे. प्रत्येकी एकतीस शेर. बुंध्याकडे जास्त, एक मण दहा धरू. पऱ्याच्या चढावर पहिल्या दोघांत मिळून साडेतीन मण तरी. माझा खांदा दोन बोटं वर, म्हणजे त्यातले दोनाहून जास्त माझे.

दोन मण मी उचलू शकत नाही. पण उचलायचं नाहीच आहे! उचलतील सगळे मिळून. मला फक्त खाली उभं राहायचं आहे आणि चालायचं आहे. गोदा जन्मभर तेच करते.

पऱ्याच्या तळापासून काठावरच्या उंबरापर्यंत आज चालून पाहिलं. एक्केचाळीस पावलं. एवढंच आहे. एक्केचाळीस.

१५ मार्च, शुक्रवार

आईने माळ्यावरून बापूसची खांद्यावरची गादी काढून दिली. गोणपाटाची, आत नारळाच्या सोडणाचा काथ्या. होळी वाहताना झाडाची साल खांद्यात रुतू नये म्हणून सगळेच घेतात. पण सगळ्यांच्या गाद्या दोन बोटं जाड. बापूसची चार! एकावर एक दोन शिवलेल्या. मी हातात घेऊन थक्क झालो. एवढा दांडगा माणूस आणि त्याला एवढी मऊ गादी लागत होती?

आईला विचारलं. म्हणाली, काशीराम पहिल्यांदा होळीखाली उभा राहिला त्या साली जाड केली, आधी साधीच होती. म्हणजे बापूस तेव्हा चाळिशीचा. तेव्हापासूनच खांदा दुखायला लागला असणार आणि त्याने घरात कुणाला कळू दिलं नाही.

वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, खरं लिहायचं तर. तोही कुठेतरी माझ्यासारखाच होता.

पण चार बोटं मला चालणार नाहीत. मी आधीच वर आहे. म्हणून वरचा थर उसवला. आई म्हणाली, "उसवू नकोस, हाताने शिवलेली आहे त्याची." मी तिला गणित सांगितलं. ती चुलीकडे वळली.

मग उरलेल्या थरातला निम्मा काथ्याही काढला. आता गादी एकच बोट जाड. बाकीच्यांहून एक बोट कमी. तेवढं वजन माझ्या मागच्यावर जाईल. जाऊ दे. त्यांना मान हवा आहे, तर थोडं ओझंही घेऊ दे.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

१८ मार्च, सोमवार

उद्या. भात जात नाही. तरी जेवलो.

२० मार्च, बुधवार

नेलं!!

काल सगळं घडलं ते क्रमाने लिहितो, नाहीतर विसरेन.

झाड पाडलं, फांद्या छाटल्या, गुरवाने गाऱ्हाणं घातलं. भागोजीकाका बाजूला उभे होते, हात मागे बांधून. अठरा जण वाकलो, हाळी झाली, झाड वर आलं. पहिल्या खांद्याने मागे वळून पाहायचं नाही अशी रीत आहे. मी पाहिलं नाही. मागे काशीरामचा श्वास ऐकू येत होता तेवढाच.

सपाटीवर ओझं होतं पण भय वाटावं असं नाही. एक दोनदा तर वाटलं, मी नीट खांदा लावला आहे ना? मग पऱ्या आला. पाण्यात पाय घातला. गार. मी मोजायला लागलो. पहिल्या दहा पावलांपर्यंत काही नाही. अकराव्याला मधली माणसं खाली गेली आणि झाड करकरलं. आता येणार, म्हणून मी दात आवळले.

आलं. पण दोन मण नव्हे! जड होतं, मानेतली शीर तटतटली, गुडघा एकदा वाकला. मागून काशीराम हुंकारल्यासारखा आवाज करत होता. प्रत्येक पावलाला. मी वीस म्हणालो, तीस म्हणालो. छत्तिसाव्याला डोळ्यांपुढे पिवळं झालं. सदतीस, अडतीस. एक्केचाळिसाव्याला उंबर माझ्या उजव्या हाताला होता.

तिथून सहाण दिसते. बायका वाटेच्या कडेला उभ्या होत्या. आई एकटी, जरा मागे. तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला होता, तोंड दिसलं नाही.

होळी उभी राहिली. भागोजीकाका आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, गादी चाचपली. म्हणाले, "बापसाचा लेक आहेस." आणि गेले.

काशीराम कुठे दिसला नाही. लवकर घरी गेला म्हणे. त्याला मान गेल्याचं लागलं असेल. मी मनात म्हटलं, लागू दे.

२१ मार्च, गुरुवार

वखारीत अयूबला सांगितलं. त्याने गोदाला सांगितलं. गोदा म्हणाली, मग आता मोळी ने माझी.

माझा सिद्धांत असा: साधा माणूस स्वतःला समजतो त्याच्या दीडपट तरी ताकदवान असतो. गरज पडली की कळतं. हे सुवाच्य अक्षरात वेगळ्या कागदावर लिहून ठेवणार आहे.

२३ मार्च, शनिवार

काशीरामकडे गेलो होतो, गुरवाचा निरोप घेऊन. तो ओटीवर उघडा बसला होता. त्याची बायको राही खांद्याला आंबेहळद लावत होती. खांदा मानेपर्यंत काळानिळा, सुजलेला. हात वर होत नाही.

त्याची गादी अंगणाच्या कुडणावर, कुंपणाला, वाळत होती. चार बोटं जाड. दुहेरी. टाके नवे.

मी ती हातात घेतली. तो म्हणाला, "तुझ्या बापसाची बघून शिवली. माझ्या पहिल्या साली त्याने तशी शिवली होती. माझ्यावर कमी यावं म्हणून, हे मला पुढं कधीतरी कळलं."

त्याचा खांदा दोन बोटं खाली. ती दोन त्याने भरून काढली होती, माझ्या बरोबरीला यायला. निम्मं निम्मं. एक बोट मी चोरलं.

त्याला सांगितलं. त्याने वाळणाऱ्या गादीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तरीच."

घरी येऊन उसवलेला थर शोधला. आईने ठेवला होता. सुई-दोरा घेऊन बसलो आहे.